पानगळीचा वाटसरू

रोज चार तास पायी हिंडणे हेच ज्याने आपले खरे काम मानले, त्या हेन्री डेव्हिड थोरोचे आयुष्य अवघ्या चव्वेचाळीस वर्षांचे. त्यातल्या अखेरच्या महिन्यांत अंथरुणावर पडून त्याने जे लेखन हातावेगळे केले, त्यात गळणाऱ्या पानांवरचा एक निबंध होता. ‘वॉल्डन’च्या कर्त्याची ही काहीशी कमी परिचित बाजू.

आपल्याकडे पाऊस ओसरला, आकाश स्वच्छ झाले, की आपण शरद आला असे म्हणतो. परंतु आपल्या शरदात झाडे हिरवीगार असतात. पानगळ येते ती पुढे, शिशिरात. इंग्रजीतील ‘ऑटम’चे भाषांतर करताना म्हणूनच मराठी लेखकाची थोडी अडचण होते. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील न्यू इंग्लंड या प्रदेशात स्वच्छ आकाश आणि पानगळ एकाच वेळी येतात. सप्टेंबरच्या मध्याला पाणथळ जागेतील एखादा मेपल वृक्ष लाल होतो, आणि पाहता पाहता महिन्याभरात डोंगर-दऱ्या पिवळ्या, नारिंगी, किरमिजी रंगांनी भरून जातात. नोव्हेंबर उजाडेपर्यंत बहुतेक सगळे जमिनीवर आलेले असते.

बॉस्टन शहरापासून साधारण तीस किलोमीटरवर असलेल्या कॉन्कर्ड गावात या दिवसांत माणसांची रीघ लागते. जुना लोहमार्ग उखडून तयार केलेल्या वाटेने कोणी सायकलवर येतात, कोणी वॉल्डन तळ्याला पायी फेरी मारतात. यातल्या बहुतेकांच्या मनात तळ्याकाठच्या झोपडीत राहणारा, कर नाकारून एक रात्र तुरुंगात काढणारा थोरो असतो. तो थोरो खराच. पण झोपडीतले वास्तव्य दोन वर्षांचे होते आणि तुरुंगवास एका रात्रीचा. रानवाटांवरची भटकंती मात्र जवळजवळ पाव शतक अखंड चालू होती.

थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी याच गावात झाला. सुमारे दोन हजार वस्तीचे ते गाव. वडील जॉन यांचा पेन्सिली तयार करण्याचा धंदा होता. आई सिंथिया घरात खाणावळी ठेवून संसाराला हातभार लावी. चार भावंडांत हेलन आणि जॉन ही थोरली, हेन्री तिसरा आणि सोफिया धाकटी. घरची स्थिती बेताची असूनही हेन्रीला हार्वर्डला पाठवण्यात आले. १८३७ मध्ये पदवी घेऊन तो परतला, तेव्हा देशात आर्थिक मंदी होती. गावच्या शाळेत त्याला नोकरी मिळाली खरी; परंतु मुलांना छडी मारण्याच्या आग्रहावरून वाद झाला आणि थोड्याच दिवसांत त्याने राजीनामा दिला. पुढे थोरल्या भावाबरोबर त्याने स्वतःची शाळा चालवली. त्या शाळेत मार नव्हता, आणि मुलांना रानात, नदीवर हिंडायला नेणे हा अभ्यासाचाच भाग होता.

पदवीच्याच वर्षी त्याचा परिचय राल्फ वाल्डो इमर्सन या चौदा वर्षांनी मोठ्या तत्त्वचिंतकाशी वाढला. इमर्सनने विचारणा केली म्हणून या तरुणाने रोजनिशी लिहायला घेतली. पहिली नोंद २२ ऑक्टोबर १८३७ची, म्हणजे ऐन पानगळीतली. ती रोजनिशी पुढे चोवीस वर्षे चालली आणि तिचे वीस लाखांच्या आसपास शब्द झाले.

भाऊ जॉन हा हेन्रीचा सर्वांत जवळचा सोबती. १८३९च्या ऑगस्टअखेरीस दोघांनी स्वतः बांधलेल्या होडीतून कॉन्कर्ड आणि मेरिमॅक या नद्यांची सफर केली. निघाले तेव्हा उन्हाळा होता. दोन आठवड्यांनी परतले तेव्हा हवेत पानगळीचा गारवा आला होता. या सफरीला अडीच वर्षेही झाली नसतील, तोच १८४२च्या जानेवारीत दाढी करताना जॉनला वस्तऱ्याची लहानशी जखम झाली. तिच्यातून धनुर्वात झाला आणि ११ जानेवारीला हेन्रीच्या मिठीतच त्याने प्राण सोडला. त्यानंतर काही दिवसांनी हेन्रीच्या अंगावर कुठलीही जखम नसताना त्याचाही जबडा आखडू लागला, तीच लक्षणे दिसू लागली. घरच्यांनी आशा सोडली होती. तो त्यातून उठला. मात्र मृत्यू हा विषय त्याच्या लेखी पुस्तकी उरला नाही. नदीच्या त्या सफरीवर पुस्तक लिहायचे, हे त्याने मनाशी घेतले.

त्या पुस्तकासाठी निवांतपणा हवा, हे वॉल्डनकाठी जाण्याचे एक मोठे कारण होते. त्याआधी एक प्रसंग घडला. तो सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरे होत नाही. १८४४च्या एप्रिलअखेरीस थोरो आणि त्याचा एक मित्र नदीवर गेले असता मासे शिजवण्यासाठी त्यांनी पेटवलेली आग वाळल्या गवतात पसरली आणि शंभराहून अधिक एकर जंगल जळाले. निसर्गाचा हा भक्त गावकऱ्यांच्या दृष्टीने पुढे कितीतरी वर्षे रान जाळणारा निष्काळजी इसम होता. थोरोने त्याबद्दल लगेच काही लिहिले नाही. सहा वर्षांनी रोजनिशीत त्याने ती सारी हकिकत मांडली. तिच्यात स्वतःचे समर्थन आहे आणि टोचणीही आहे.

४ जुलै १८४५ रोजी इमर्सनच्या मालकीच्या जागेवर दहा फूट बाय पंधरा फुटांच्या, स्वतः बांधलेल्या घरात तो राहायला गेला. घराला खर्च आला अठ्ठावीस डॉलर आणि साडेबारा सेंट. ६ सप्टेंबर १८४७ रोजी त्याने ते सोडले. दरम्यान, १८४६च्या जुलैमध्ये गुलामगिरीला थारा देणाऱ्या सरकारला कर देणार नाही, या कारणावरून तुरुंगातली ती रात्र घडली. नदीच्या सफरीचे पुस्तक १८४९ मध्ये निघाले. हजार प्रती छापल्या. खपल्या जेमतेम सव्वादोनशे. उरलेल्या ७०६ प्रती प्रकाशकाने १८५३च्या ऑक्टोबरमध्ये लेखकाच्या दारात आणून टाकल्या. थोरोने त्या पाठीवरून माडीवर नेल्या आणि संध्याकाळी रोजनिशीत नोंद केली, की आता आपल्या ग्रंथसंग्रहात जवळपास नऊशे पुस्तके आहेत आणि त्यांपैकी सातशेहून अधिक आपणच लिहिलेली आहेत.

पोटासाठी त्याने वडिलांच्या पेन्सिली सुधारल्या आणि जमीन मोजणीची कामे केली. यात एक बोच होती. त्याने मोजलेली कित्येक राने मालकांनी पुढे लाकडासाठी तोडली. सकाळी मोजणीची साखळी धरणारा हा माणूस दुपारी त्याच रानात नुसता हिंडायला जाई. दिवसाकाठी निदान चार तास हिंडल्याशिवाय आपली प्रकृती ठीक राहत नाही, असे त्याने ‘वॉकिंग’ या निबंधात सांगितले आहे. १८५१ मध्ये गावच्या व्याख्यानमालेत त्याने हा विषय प्रथम मांडला. हे हिंडणे म्हणजे व्यायाम नव्हे, हा त्याचा मुख्य मुद्दा. अंग रानात आणि मन गावातल्या कामात, असे झाले की तो स्वतःवर चिडत असे.

त्याचा सरंजाम ठरलेला असे. काखेत जुने वह्यांसारखे पुस्तक, त्यात वनस्पती दाबून ठेवायच्या. खिशात रोजनिशी आणि पेन्सिल, दुर्बीण, भिंग, चाकू आणि सुतळी. डोक्यावरच्या टोपीत आतून एक कप्पा केलेला, त्यात फुलापानांचे नमुने ताजे राहत. गावकरी हसत. हार्वर्डचा पदवीधर धडधाकट माणूस भर दुपारी दलदलीत गुडघाभर पाण्यात उभा राहून बेडूक पाहतो, याचा अर्थ त्यांना लावता येत नसे. प्रत्येक वनस्पतीला पहिले फूल कधी आले, पाने कधी फुटली, कुठला पक्षी कधी परतला, याच्या तारखा तो लिहून ठेवी. त्या नोंदींचा कोणाला काही उपयोग होईल, असे तेव्हा वाटण्याचे कारण नव्हते.

पायडलची सायकल अमेरिकेत पोहोचली ती थोरोच्या मृत्यूनंतर. त्याच्या काळातला वेगाचा चमत्कार म्हणजे वॉल्डन तळ्याच्या काठावरून धावू लागलेली आगगाडी. तिच्याविषयी त्याने ‘वॉल्डन’मध्ये एक हिशेब मांडला आहे. फिचबर्ग हे गाव तीस मैलांवर. गाडीभाडे नव्वद सेंट, म्हणजे जवळजवळ एका दिवसाची मजुरी. मी आत्ता पायी निघालो तर रात्रीपर्यंत पोहोचेन. तुम्ही आधी भाड्यापुरते पैसे मिळवण्यासाठी दिवसभर राबाल. मग लवकर कोण पोहोचले? या हिशेबात विनोद आहे, आणि त्याचे सगळे जगणेही आहे. मेन प्रांतातली अरण्ये, केप कॉड, कॅनडा असे काही प्रवास त्याने केले. युरोप त्याने कधी पाहिला नाही. गावाच्या आसपासची दहा-बारा मैलांची जमीन आयुष्यभर हिंडूनही पुरी होणार नाही, असे त्याचे मत होते.

मात्र रानात गेले की जगाचा विसर पडतो, हे सुख त्याच्या वाट्याला फारसे आले नाही. १८५४ मध्ये बॉस्टनहून एका पळून आलेल्या गुलामाला कायद्याने धरून परत पाठवण्यात आले, तेव्हा आपल्या सरकारच्या या कृत्याने आपली भटकंतीच नासली, तळ्याकाठी गेलो तरी मन स्वस्थ होत नाही, असे त्याने जाहीर भाषणात सांगितले. १८५९च्या ऑक्टोबरमध्ये जॉन ब्राऊनने गुलामगिरीविरुद्ध हार्पर्स फेरी येथे सशस्त्र उठाव केला. तो पकडला गेला. त्याचे मित्रही गप्प राहू पाहत असताना ३० ऑक्टोबरला थोरोने कॉन्कर्डमध्ये त्याच्या बाजूने व्याख्यान दिले. बाहेर त्या वर्षीची पानगळ चालू होती. एक माणूस फासावर जाण्याची वाट पाहत असताना निसर्गाचा नित्यक्रम जणू काही घडलेच नाही असा चालू राहतो, याचे त्या दिवसांत आपल्याला आश्चर्य वाटे, असे त्याने नंतर नमूद केले.

त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत त्याने वूस्टर या गावी ‘ऑटमनल टिंट्स’ म्हणजे शरदातील रंगछटा या विषयावर व्याख्यान दिले होते. अनेक वर्षांच्या नोंदी त्याने त्यात एकत्र आणल्या होत्या. जांभळट गवत, लाल मेपल, एल्म, गळलेली पाने, शुगर मेपल आणि सर्वांत शेवटी रंगणारा स्कार्लेट ओक, असा त्याचा क्रम आहे. या व्याख्यानातला त्याचा पहिला मुद्दा असा, की रंगलेले पान म्हणजे सुकलेले पान, हा समज चुकीचा आहे. फळ पिकताना जसे रंगते, तसेच पानही आपल्या पक्वतेला पोहोचले म्हणून रंगते. इंग्रजी वाचकाला हे पटवून देण्यासाठी त्याला बरीच उदाहरणे द्यावी लागली. मराठीत आपण फळ पिकले म्हणतो आणि पानही पिकले म्हणतो. थोरोला जे सिद्ध करायचे होते, ते आपल्या भाषेने आधीच मान्य केलेले आहे.

दुसरा मुद्दा पाहण्याचा. स्कार्लेट ओकची लाली गावाबाहेरच्या टेकडीवरून सर्वांनाच दिसायला हवी. पण ती त्यालाच दिसते, ज्याच्या मनात ती आधीपासून असते. डोळे सर्वांना सारखे असले तरी मन ज्याची वाट पाहत नाही, ते समोर असूनही दिसत नाही. आणि तिसरा मुद्दा गळण्याचा. उंचावर फडफडणारी पाने किती निमूटपणे खाली येतात, मातीत मिसळून पुढच्या पिढीच्या झाडांना उंच करतात, हे पाहून मरावे कसे हे माणसाने त्यांच्याकडून शिकावे, असे थोरो सुचवतो. व्याख्यान दिले तेव्हा त्याचे वय एकेचाळीस होते आणि प्रकृती उत्तम होती. असे विचार निरोगी माणसाला सहज सुचतात. त्याची परीक्षा पुढे होती.

१८६०च्या आरंभी डार्विनचे नवे पुस्तक कॉन्कर्डला आले आणि थोरोने ते तातडीने वाचून काढले. त्या सप्टेंबरात, गावच्या शेतकी प्रदर्शनात, त्याने रानातील झाडांच्या क्रमाविषयी व्याख्यान दिले. पाइनचे रान तोडले की तिथे ओक का उगवतात, हा शेतकऱ्यांचा जुना प्रश्न. बी नसताना झाड आपोआप उगवते, असे मानणारे तेव्हा पुष्कळ होते. थोरोने दाखवून दिले, की पाइनचे बी वारा नेतो आणि ओकची फळे खारी व पक्षी नेऊन पुरतात; पाइनच्या सावलीत ती रोपे आधीपासून तग धरून असतात. वर्षानुवर्षांच्या पायपिटीतून निघालेले हे शास्त्र होते.

त्या कामाच्या पाठपुराव्यासाठी ३ डिसेंबर १८६० रोजी तो थंडीत तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांवरील वर्तुळे मोजत बसला होता. त्या दिवसांत त्याला सर्दी झाली. ती छातीत उतरली. डॉक्टरांचा सल्ला मोडून ११ डिसेंबरला तो कनेटिकटमधील वॉटरबरी येथे ठरलेले व्याख्यान द्यायला गेला. विषय होता पानगळीचे रंग. ते त्याचे शेवटचे व्याख्यान ठरले. परतला तो आजारी होऊन, आणि क्षयाने त्याला ग्रासले. त्याच्या घरात हा रोग नवा नव्हता. बहीण हेलन १८४९ मध्ये त्यानेच गेली होती.

हवापालट म्हणून १८६१च्या उन्हाळ्यात तो मिनेसोटापर्यंत जाऊन आला. उपयोग झाला नाही. सप्टेंबरमध्ये त्याने वॉल्डन तळे अखेरचे पाहिले. ३ नोव्हेंबर १८६१ रोजी त्याने रोजनिशीत शेवटची मोठी नोंद केली. ती आहे वादळी पावसाने लोहमार्गाच्या बांधावरील खडीत उमटवलेल्या बारीक रेघांविषयी. पाऊस कुठल्या दिशेने आला, हे त्या रेघांवरून नेमके वाचता येते. पाहणाऱ्याला सारे स्पष्ट असते, पण बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही, अशी ती नोंद. चोवीस वर्षांपूर्वी पानगळीत सुरू झालेली रोजनिशी पानगळीतच थांबली.

त्यानंतरचा हिवाळा त्याने घरातच काढला. जिना चढवेना, तेव्हा त्याची खाट खाली दिवाणखान्यात आणली. आवाज बसून कुजबुजीइतका झाला होता. ‘अटलांटिक मंथली’ या मासिकाने लेख मागितले होते. थोरो जुनी व्याख्याने काढून सुधारू लागला. हात चालेना तेव्हा बहीण सोफिया लिहून घेई. फेब्रुवारी १८६२ मध्ये त्याने पानगळीच्या रंगांवरचा निबंध प्रकाशकांकडे पाठवला. सोबत स्कार्लेट ओकचे एक पानही दिले आणि त्याची बाह्यरेषा लेखात कोरून छापावी, अशी सूचना केली. पुढे ‘वॉकिंग’ आणि रानटी सफरचंदांवरचा निबंधही गेला. भेटायला येणाऱ्यांना तो खिन्न दिसला नाही, याची नोंद अनेकांनी केली आहे. देवाशी समेट केलास का, असे एका मावशीने विचारले. आमचे कधी भांडण झाल्याचे मला आठवत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले.

६ मे १८६२ रोजी सकाळी तो गेला. तेव्हा झाडांना नवी पालवी फुटत होती. पानगळीचा निबंध ऑक्टोबरच्या अंकात आला, आणि कॉन्कर्डचे मेपल त्या महिन्यात नेहमीप्रमाणे लाल झाले होते. मरावे कसे हे पानांकडून शिकावे, हे लिहिणाऱ्याने ते शिकून दाखवले होते.

थोरोची कीर्ती पुढे वाढली. त्याच्या सविनय कायदेभंगाच्या निबंधाचा परिचय गांधीजींनी १९०७ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मधून दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना करून दिला. आपला लढा त्या निबंधाच्या आधीच सुरू झाला होता, हेही त्यांनी नंतर स्पष्ट केले. परंतु थोरोविषयीचा आदर त्यांनी कधी लपवला नाही. मराठीत ‘वॉल्डन’ आणले दुर्गाबाई भागवतांनी. ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या लेखिकेला हा लेखक जवळचा वाटावा, हे स्वाभाविकच होते. १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीला विरोध केला आणि पुढे तुरुंगवासही पत्करला. ऋतूंकडे बारकाईने पाहणे आणि अन्यायाकडे डोळेझाक न करणे या दोन गोष्टी त्यांच्याही ठायी एकत्र नांदत होत्या.

आणि त्या निरुपयोगी वाटणाऱ्या तारखा? बॉस्टन विद्यापीठातील रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ नंतर त्याच वाटांवर हिंडून थोरोच्या नोंदींशी आपल्या नोंदी ताडून पाहिल्या. कॉन्कर्डमधील अनेक रानफुले त्याच्या काळापेक्षा सरासरी सुमारे आठवडाभर आधी फुलू लागली आहेत आणि काही जाती नाहीशा झाल्या आहेत, असे त्यांना आढळले. हवामानबदलाचा असा स्थानिक आणि दीर्घ पुरावा जगात फार थोड्या ठिकाणी उपलब्ध आहे. गावाने ज्याला रिकामटेकडा म्हटले, त्याच्या वह्या आज शास्त्रज्ञ उघडून बसतात.

मेपल पाहायला अमेरिकेला जाणे सर्वांना शक्य नाही. पण मुंबई-पुण्याच्या कितीतरी रस्त्यांच्या कडेला देशी बदामाची झाडे आहेत. थंडी सरता सरता त्यांची रुंद पाने तांबडीलाल होतात आणि एकेक करून फुटपाथवर उतरतात. आपण रोज त्याच रस्त्याने जातो, आणि सकाळी ती पाने झाडून नेली जातात. येत्या शिशिरात एखाद्या सकाळी गाडी घरी ठेवून, पायी किंवा सायकलवर, त्या झाडापर्यंत जाऊन यावे. पहिले पान कोणत्या तारखेला लाल झाले, तेवढे वहीत टिपून ठेवावे. आणि पुढच्या वर्षी पुन्हा.